चौथ्या पानावरची फुली

सोनपेठ. मंगळवार, संध्याकाळ.

परवा जर्मनीला परतायचं. माझ्या वाट्याचं शेत दादानं सांभाळावं, एवढ्यापुरतंच मुखत्यारपत्र करायचं ठरलं होतं. त्यानं कागद तयारच आणले. सहीच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या. चौथ्या पानावर, फुलीच्या अगदी वर, जमीन विकण्याचा अधिकार.

"हे कशाला, दादा?"

"नमुनाच तसा असतो, बाई. तू काय तिकडून पेरायला येणार हायस?"

भावासमोर बहीण कागद वाचत बसत नाही, याच भरवशावर त्या फुल्या! आणि मीही वाचणार नव्हते. पण वहिनीनं आधीच चहाबरोबर माझा चष्मा आणून ठेवला होता, म्हणून वाचलं.

चौथ्या पानावरची ती ओळ मी खोडली.

दादा म्हणाला, "मग हा कागद काय कामाचा?"

मी सगळ्या फुल्या रबरानं पुसल्या. सही कुठंच केली नाही.