चाकापेक्षा लहान धाव

आबा,

परदेशातल्या फेलोशिपचा अर्ज भरून झाला आहे, एका रकान्याशिवाय. डॉक्टरेटनंतर दोन वर्षं तिकडच्या प्रयोगशाळेत, तापलेलं लोखंड निवताना का तडकतं, यावर काम करायचं आहे. हे हुकलं तर इथे शिकवायची नोकरी मिळेल, पण तसली भट्टी मिळणार नाही. रिकाम्या रकान्यात विचारलं आहे, हा विषय का निवडलात? आमचे सर म्हणाले, "लिहा, लहानपणापासून आवड." मी तसं लिहिलं नाही, कारण आवड नव्हती. मला ते खटकलं होतं.

मी दहा वर्षांची आहे. आपल्या मागच्या अंगणात तुम्ही शेणी रचताय. बैलगाडीच्या चाकावर चढवायची लोखंडी धाव त्यांत तापायची आहे. शिरढोणचा गाडीवान चाक न्यायला येऊन बसलाय. मी सुतळीने आधी चाकाचा घेर मोजते, मग धावेचा, आणि सगळ्यांदेखत ओरडते, "आबा, धाव लहान झाली! बसायची नाही." गाडीवान दचकतो. "काय मेस्त्री, पोरगी सांगते ता खरा हाय?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "खरा हाय. पोरीचा माप चुकत नाय." मग माझ्याकडे वळून, "आता तोंड बंद, डोळं उघडं."

लालभडक झालेली धाव तुम्ही नि गाडीवान चिमट्यांनी उचलता आणि ती चाकावर अलगद उतरते. लाकूड धुमसतं. आई घागर ओतते तसं चाक करकरायला लागतं. मला वाटलं, मोडलं. मी आईच्या मागे लपले. धूर निवळल्यावर तुम्ही धावेवर हातोडी वाजवून पाहिलीत. "मोठी केली असती तर रस्त्यात निसटली असती. लहान केली म्हनून धरते. कललं काय, इंजिनेरबाई? आता च्या टाका."

तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. पुढे ट्रक आले, अंगण रिकामं झालं. आई अजून तिथेच, एकटी. म्हणूनच अर्जाचं तिला सांगायचं मी टाळत होते. रविवारी सांगितलं. ती बोंबील साफ करत होती.

"तिकडं आपला कोन हाय गो?"

"कोणी नाही."

"मग जा. हितं तरी तू कुनाशी बोलतेस?"

आज रकाना भरला. 'माझे वडील पनवेलला बैलगाडीची चाकं करीत. धाव चाकापेक्षा लहान का करतात, हे मला दहाव्या वर्षी कळलं. निवताना ती तडकत का नाही, हे अजून पुरतं कळलेलं नाही.' सर हे खोडायला सांगतील. मी खोडणार नाही. पाकीट सकाळी टपालात पडेल. हा कागद इथेच राहील.

एक सांगायचं राहिलं. प्रयोगशाळेत तापलेला तुकडा पाण्यात सोडण्याआधी मी अजूनही एकदा डावीकडे बघते. तुम्ही त्या बाजूला उभे असायचात. तिकडच्या भट्टीपाशीही बघेन बहुतेक.