मार्चअखेरपर्यंतचं घर

६ जाने. २०१७, शुक्र.
गाडी पाहिली. अझैबात, एका जर्मन इंजिनिअरच्या दारात. उंच छताची पांढरी व्हॅन, आत त्याने स्वतः बांधलेलं घर. दोघांपुरता पलंग, दोन शेगड्या, बेसिन, छोटा फ्रिज, घडीचं टेबल. पलंगाची उंची बायकोच्या गुडघ्यांच्या बेताने ठेवली, म्हणाला. ती गेल्या वर्षी वारली. आता तो परत चाललाय.
३१ मार्चला मी रिटायर. पेपरच्या डेस्कवर सत्तावीस वर्षं. ‘रिटायर झालो की ओमान बघू’, हे त्यातली निदान वीस वर्षं म्हणतोय. उद्या सांगतो म्हणालो. ठरलं तिथेच होतं.
सु.ला सांगायचं आहे.

७ जाने., शनि.
सांगितलं. पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.
“कपाटावरची खोकी तिकडे न्यायचीत, त्यात आता गाडी?”
खोकी : ब्लँकेटं, डिनर सेट, मिक्सर, पडद्यांचं कापड. सगळं कोरं, सगळं चिपळूणच्या घरासाठी. आम्ही इथे अजून मेलामाइनच्या ताटांत जेवतो. ‘इथे काय, जायचंच आहे’ हे ९० साली मीच म्हणालो होतो. तिने मनावर घेतलं.

१३ जाने., शुक्र.
गाडी तपासायला दाऊदभाईंच्या गॅरेजमध्ये, वादी अदाई. दापोलीचा माणूस, बायकोच्या हातची फणसाची भाजी आणि इंजिनाचा आवाज दोन्हीबद्दल तितकंच प्रेमाने बोलतो. टायरवरच्या तारखा वाचल्या, दोन बदला म्हणाले. बॅटरी ठीक. मग होज पाइप घेऊन शिडीवर चढले. “इथं पाऊस नाय, साहेब. गळकी गाडी पण धा वर्षं शहाणी म्हणून फिरते.”
आत बसून छताकडे बघायला कोणीतरी हवं होतं. मी चढायला लागलो, तर सु. म्हणाली, “तुम्हाला काय कळणार? चिपळूणची मी आहे.”
उन्हासाठीची छत्री उघडून आत बसली. वर धो धो पाणी. दहा मिनिटांनी आतून आवाज, “बंद करा! उशाशी, उजव्या कोपऱ्यात.” खडू मिळेपर्यंत त्या जागेवर बोट धरून बसली होती.
“वहिनी, गॅरेजात लागा कामाला.”
“मग यांचा डबा कोण करील?”
गाडी घेतली.

१८ जाने., बुध.
गाडीची मुल्किया, म्हणजे नोंदणी, नावावर झाली. ते कार्ड दाऊदभाईंना दाखवायला गेलो.
“मुबारक! आता एप्रिलात काय करणार?”
फिरणार, म्हटलं.
“कुठल्या विझावर?”
कार्ड खिशात ठेवलं.
नोकरी संपली की विझा संपतो. विझा संपला की गाडी ठेवता येत नाही. स्टीअरिंग डावीकडे, म्हणजे चिपळूणलाही नेता येत नाही. या नियमांच्या बातम्या मी किती वेळा तपासल्या, मथळे दिले. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर संसार केला आणि ही एक…
दाऊदभाई हसून हसून बाकावर बसले. “यल्ला साहेब, घाई करा.”
सु. चिडेल वाटलं होतं. एवढंच म्हणाली, “म्हणजे रिटायर झाल्यावर ओमान बघता येणारच नव्हता. आणि वीस वर्षं सांगताय.”
कॅलेंडर पाहिलं. सुट्टीचे अकरा शुक्रवार.

२० जाने., शुक्र.
पहिली फेरी. फिन्सचा किनारा. पांढरी वाळू, माणूस नाही. सु. पलंगाच्या कडेला बसली, मांडीवर पर्स. लांबच्या नातेवाइकांकडे बसतात तशी. डबा घरचा. शेगडी पेटवली नाही, फ्रिज उघडून पाहिला नाही. चारला म्हणाली, “निघूया?”
निघालो.

१० फेब्रु., शुक्र.
पुन्हा फिन्स. या वेळी मुक्काम. सूर्य मागच्या डोंगराआड गेला, समुद्र बराच वेळ उजेड धरून होता. माझी ड्यूटी दुपारी चारपासून. कामाच्या दिवशीची संध्याकाळ आमच्या घरात कशी होते मला माहीत नाही. शुक्रवारची माहीत असायला हवी, पण शुक्रवारी मी झोपलेला असायचो.
विचारलं, काय करायचीस?
“मुग्धाला सांगायचे, बाबा पेपर करायला गेलेत. ती सकाळी उठून पेपरात तुम्हाला शोधायची. एकेक पान. खेळाच्या पानापर्यंत.”
मुग्धा आता पुण्यात, तिची मुलगी चार वर्षांची. इतक्या वर्षांत हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.
सु.ने पर्स पलंगाखाली ठेवली.

२५ फेब्रु., शनि.
सूर बंदर. खाडीकाठी गाडी लावली. पलीकडे लाकडी गलबताचा सांगाडा. ते बघत चहा. वाऱ्याने कागदी कप उडाला, चहासकट. दुसरा ओतला, तोही. सु. खाडीकडे बघून म्हणाली, “जड कप हवेत.”


३ मार्च, शुक्र.
निघताना मागे एक खोकं. ‘चिपळूण – काच’, तिच्या अक्षरात. १९९४चा डिनर सेट. किनाऱ्यावर चाकूने चिकटपट्टी कापली. आत पेंढा, त्या वेळच्या आमच्याच पेपराची पानं. मी एक उलगडून वाचायला लागलो, मथळ्यात चूक निघाली. “आता तरी राहू द्या,” ती म्हणाली.
सहा कप. एकाचा कान तुटलेला. पेंढ्यातच, कधीचा कोण जाणे. तेवीस वर्षं फुटका कप जपला. तिने कप उलटसुलट करून पाहिला, मग हसू आवरेना. तिला इतकं हसताना मुग्धाच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं.
बिनकानाचा कप तिने स्वतःला घेतला. दोन्ही तळव्यांत धरून प्यायली.

६ मार्च, सोम.
दोन गोष्टी. दुक्मच्या प्रकल्पावरचा एक इंजिनिअर गाडी घ्यायला तयार आहे, महिनाअखेर हवी. आणि संपादकांनी बोलावलं. माझ्या जागी माणूस मिळालेला नाही, आणखी तीन महिने राहता का? विझा तेवढा वाढेल.
मला राहायचं आहे. पण हे माझं एकट्याचं नाही. चिपळूणचं घर बांधून आठ वर्षं कुलूपबंद, किल्ली इथे देव्हाऱ्यात. रोज पूजेला तिच्या नजरेसमोर. मी आजवर जे जे ‘थोडे दिवस’ म्हणालो ते वर्षांत मोजावं लागलं. या वेळी मी मत देणार नाही असं ठरवलं.
तिला सांगितलं. “एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्यात कोण बसणार?” म्हणाली. मग, “बघू.”

१४ मार्च, मंगळ.
ती त्यावर बोलत नाही. मी विचारत नाही. दुक्मच्या इंजिनिअरचा फोन आला, मी आठवडाभराची मुदत मागितली.
दाऊदभाई भेटले. “वहिनींचा फोन होता. गाडी सलालापर्यंत दम काढील का, विचारत होत्या. तिथं जूनअखेर पाऊस लागतो ना.” तुम्ही काय सांगितलंत? “गाडी काढील, म्हटलं. छताचं तुमी बघा.”


२० मार्च, सोम.
संपादकांना उद्या सकाळपर्यंत कळवायचं आहे. इंजिनिअरलाही.
आज कार्गोवाला आला, सामान समुद्रमार्गे जाणार. तिने आधीच ठरवलेली तारीख, बदलली नाही. खोकी एकेक खाली गेली. ब्लँकेटं, मिक्सर, पडदे. कपाटाच्या वर भिंतीवर चौकोनी डाग राहिले, मूळ रंगाचे. आमच्या भिंतीचा रंग पिस्ता होता, हे विसरलोच होतो.
कार्गोवाल्याने दाराशी वेगळ्या ठेवलेल्या ‘काच’च्या खोक्यावरचं नाव वाचलं. “मॅडम, ये भी चिपलून?”
सु. आतून बाहेर आली, ओले हात पदराला पुसत.
“वो नहीं, भैया. वो हम वापरते हैं.”