बुचडा उतरला, आई खालीच राहिली

तोक्यो
११ जून

दुल्माताई,

उन्हाळा बरा लागलाय ना? जनावरं अंगाने भरली का? भावजी घोड्यावरून पडले ते कोपर आता सरळ होतं का? इथे आम्ही तिघंही मजेत आहोत.

तू आईबरोबर पाठवलेलं सुक्या दह्याचं आरूल मिळालं. घरभर वास सुटतो म्हणून मिसाकीने डबा बाल्कनीत ठेवलाय. एमीने मात्र एक तुकडा कितीतरी वेळ चघळला आणि मग मला विचारलं, "बाबा, हा दगड कधी संपतो?" म्हटलं, तुझ्या आत्याचे दात असते तर केव्हाच संपला असता. ती हे सगळं जपानीत बोलते. आईसमोर मी दुभाष्या व्हायचो, आणि दोघींचं भांडण लागलं की दोघींकडून बोलणी खायचो.

फोनवर तू विचारलंस, सुमोतल्या निवृत्तीचा समारंभ कसा झाला. मी म्हटलं, छान झाला. आईनेही तेच सांगितलं असेल. तिने तुला बाकी काही सांगितलेलं नाही, हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. फोनवर तू लगेच रडतेस, मग मी काहीतरी थाप मारतो. म्हणून पत्र लिहितोय. आखाड्यातला आपला तुमुर पुढच्या आठवड्यात गावाकडे येतोय, त्याच्या हाती देईन.

तर समारंभ. मैदान खच्चून भरलं होतं. वेशीपासून आतपर्यंत माझे झेंडे, प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत माझं आखाड्यातलं नाव, आओनोहारा. मी आखाड्याच्या मधोमध खुर्चीवर बसलो. ज्यांनी घडवलं, पोसलं, पाडलं, ते एकेक करून माती चढून वर आले आणि माझ्या मागे उभे राहून सोनेरी कात्रीने बुचड्याचे दोन-चार केस कापून गेले. माशांचे व्यापारी आले, शाळेचे मुख्याध्यापक आले, तालमीतले जुने सोबती आले. तुमुरने कात्री लावली आणि कानात म्हणाला, "रडू नकोस जाड्या, कॅमेरा लागलाय." ज्याने मला सर्वांत जास्त वेळा चीत केलं, त्यानेच मला त्या दिवशी सावरलं.

बसल्या बसल्या सगळं आठवत होतं. सोळाव्या वर्षी आलो तेव्हा मी किती काटकुळा होतो! तालमीत पहिलं वर्षभर भाताच्या भांड्यासमोर बसून रडायचो. वस्ताद म्हणायचे, "रड. पण खा." पुढे वरून तिसऱ्या पायरीपर्यंत चढलो. दुसरी अगदी हाताशी आली होती. तेव्हाच नागोयात आखाड्यावरून खाली कोसळलो आणि गुडघा गेला. नंतर दोन वर्षं घसरत राहिलो, पुन्हा चढलो, पुन्हा घसरलो. शेवटी एका सकाळी वस्तादांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी समजलो.

ताई, आता आईचं सांगतो.

तिने या दिवसासाठी नवा निळा पायघोळ देल शिवून आणला होता, ते तुला ठाऊकच आहे. मी लहान असताना आपल्याकडे माझे पहिले केस कापले, तेव्हा पहिली कात्री तिनेच लावली होती आणि तू दुधाची वाटी धरून उभी होतीस. तिला वाटलं, इथेही तसंच असणार. आईशिवाय मुलाचे केस कोण कापतं?

पण या मातीवर बाईने पाय ठेवायचा नाही, हा इथला रिवाज. माझ्या इतका अंगवळणी पडलाय की आईला तो माहीत नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मिसाकीच्या आलं होतं. ती म्हणाली होती, "हॉटेलात करू या ना. तिथे आखाडा नसतो, आई वर येऊ शकतील." मी उसळलो. तिसऱ्या पायरीचा पैलवान हॉटेलात केस कापून घेईल? लोक काय म्हणतील?

वस्तादांची पाळी आली. शेवटचा घाव त्यांचा असतो. तेवढ्यात पाहिलं तर आई जागेवरून उठलेली. देल नीट केला, बाह्या मागे सारल्या आणि वाट काढत आखाड्याकडे निघाली. व्यवस्थेतला एक माणूस धावला, कमरेत वाकून तिला काहीतरी सांगू लागला. तिला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. पुऱ्या मैदानासमोर मी खुर्चीवर, हात मांडीवर, हलायची सोय नाही. मी फक्त मान हलवली. नाही म्हणून.

ती हसली, ताई. त्या माणसालाच उलट नमस्कार केला आणि जाऊन बसली. मग वस्तादांनी बुचडा उतरवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीही वाजवत होती.

नंतर आतल्या खोलीत न्हावी माझे केस सारखे करत होता. तो बाजूला झाल्यावर ती जवळ आली. माझं डोकं दोन्ही हातांत धरून हुंगलं, लहानपणी हुंगायची तसं. म्हणाली, "झालं ना तुझं इथलं? चल आता घरी. दुल्माने तुझ्या बापाचा हिवाळी तळ राखून ठेवलाय. भिंतीचे दगडसुद्धा नव्याने रचलेत."

तेव्हा मला सांगावंच लागलं. जे तुला दोन वर्षं सांगितलं नाही, ते आता लिहितो. इथे वस्ताद व्हायचं तर इथलंच नागरिक व्हावं लागतं. आपला देश दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. मी आपला परत केला. गुडघा गेल्यावर दुसरं काय करणार होतो? मेंढ्या राखायला येऊ? मला बघून घोडा मागे सरतो. मिसाकी, एमी इथल्या. मला येते ती एकच विद्या, तीही इथलीच. कारणं पुष्कळ आहेत. रोज मोजतो, तरी पुरत नाहीत.

आईने माझ्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला. मग विचारलं, "नाव काय लावलंस?"

"होरीए."

तिने ते म्हणून पाहिलं. नीट जमेना. पुन्हा म्हटलं. "मला नाही यायचं हे," म्हणाली. "आणि दुल्माला तूच सांग. माझ्याने नाही व्हायचं."

विमानतळावरही रडली नाही. एमीचे गाल हुंगले, मिसाकीच्या हातात स्वतःची जपमाळ ठेवली. मला म्हणाली, "लोकांच्या पोरांना शिकवशील तेव्हा फार मारू नकोस."

ताई, तो तळ आता थोरल्या भाच्याच्या नावावर कर. कागदावर माझं नाव चालायचं नाही. इतकी वर्षं दरवर्षी तू ते दगड रचत राहिलीस आणि मी फोनवर "हो, हो, येतोच" म्हणत राहिलो. वरच्या दोन पायऱ्या चढता आल्या नाहीत, त्याचं दुःख मला झोपू देतं. हे देत नाही.

पांढऱ्या महिन्यात, नव्या वर्षाच्या सणाला येईन म्हणतो, एमीला घेऊन. तुला राग असेल तर खुशाल शिव्या दे, दारातच दे. पण पाहुण्यांसाठी ठेवलेली ती चांदीची वाटी माझ्यासाठी काढू नकोस, ताई. पूर्वीसारखी पाठीवर टोपली दे आणि चुलीला शेण वेचायला पाठव.

तू बोलावलंस तरच येणारा,
तुझा धाकटा
बाल्दान