तुळसाआजीचा भाऊ

१६ डिसेंबर १९६१, शनिवार
दुपारचे सव्वातीन

प्रिय आनंदी,

हाताला खोबरेल चोळून चुना काढता काढता लिहायला बसलो आहे. कागदाला डाग पडला तर रागावू नकोस. नाताळाआधी कबरींना चुना लावायचं काम यंदा मी मागून घेतलं. पाळकसाहेबांनी आपलं लग्न लावायला नकार दिला, त्याला उद्या महिना होईल. माझे आजोबा आणि तुझी आजी सख्खे भाऊबहीण, एका घरात सोयरीक होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं, जुन्या दगडांवर किंवा बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात आपल्या बाजूचं काहीतरी सापडेल.

रजिस्टर त्यांनी स्वतः काढून दिलं. "पाहून घे बाबा, मग मला शिव्या देऊ नकोस," म्हणाले. दुष्काळाच्या साली मिशनात आणलेल्या पोरांची पानं वाळवीने खाल्ली आहेत, पण आपली ओळ शाबूत आहे. महागू आणि तुळसा, भाऊ व बहीण, आईबाप नाहीत. गावाचा रकाना कोरा. आजोबांच्या कबरीवरही तेच, 'बहीण तुळसाबाई हिने बांधली.' ती ओळ तर आपल्याला पाठच आहे. कबरीमागच्या भिंतीवर बसून आपण टेंभरं खायचो आणि तू बिया गुपचूप माझ्या खिशात टाकायचीस. दिवाळीत आजी आजोबांना ओवाळायची, तेव्हाचे पाळक चिडायचे, आणि आजोबा हसून म्हणायचे, "एवढं एक राहू द्या साहेब, मले दुसरी बहीण नाही."

तो कोरा रकाना मात्र डोक्यातून जाईना. म्हणून काल तुझ्या आजीकडे गेलो. ती अंगणात उन्हाला बसून लाखोळीची डाळ पाखडत होती. मी त्या दोघांचं गाव विचारलं.

"कोन्तं गाव? त्याचं अलग, माहं अलग," सूप न थांबवता ती म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. आईबाप गेल्यावर ती एकटी चालत निघाली होती. रस्त्यात झाडाखाली हा पोरगा रडत बसलेला दिसला. तिने त्याचा हात धरला तो मिशनच्या फाटकापर्यंत सोडला नाही. तिथे मुलींना ठेवून घ्यायचे आणि मुलांना दुसऱ्या गावी पाठवायचे, सख्ख्या भावंडांना मात्र तोडत नसत. "साहेबानं इचारलं, हा तुहा कोन? म्या म्हटलं, भाऊ हाये. तो बी म्हने हौ. पोट्टा मोठा हुशार! रडनं तेवढं बंद झालं नाही त्याचं." आणि हसू लागली.

मी म्हणालो, आजी, हे पाळकसाहेबांना सांगशील? "सांगीन नं. तुमचं लगन हाये, काहून नाही सांगनार?" थोडा वेळ पाखडत राहिली. मग खाली पाहूनच तिने विचारलं, "मंग त्याच्याजवळची जागा मले देतीन का रे?" देतील, तू कुणाला काही बोलू नकोस, असं सांगून मी उठलो.

ती जागा तू पाहिली आहेस. रक्ताच्या माणसाशिवाय शेजारची जागा कुणाला मिळत नाही. आज तिथलं गवत मी उपटलं आणि आजोबांच्या कबरीला चुन्याचे दोन हात दिले. नंतर पाळकसाहेब भेटले. "काय वसंता, सापडलं काही?" त्यांनी विचारलं. नाही, असं मी सांगितलं.

आनंदी, आपण एकमेकांचे कुणी लागत नाही, हे तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं. आजी सोडून तिसऱ्या कुणाला ते कळायला नको. बालाघाटला कचेरीत रजिस्टर लग्न होतं, तिथे अशी जुनी नाती कुणी काढत नाही, मी दोनदा विचारून आलो आहे. चर्चमधलं गाणं, आशीर्वाद, काही मिळणार नाही. माझे बाबा कदाचित आपल्याशी बोलणार नाहीत. प्रभुभोजनालाही आपल्याला बसू देतील की नाही, सांगता येत नाही. तुला हे सगळं हवं होतं, मला ठाऊक आहे. मलाही हवं होतं. तरी विचारतो. मंगळवारी तुझ्या तुमसरहून येणाऱ्या सकाळच्या बससाठी मी कटंगीला उभा राहीन. तू उतरलीस तर दोघं बालाघाटला जाऊन लग्नाची नोटीस देऊ. नाही उतरलीस, तर मी उकव्याला खाणीवर नोकरीला हजर होईन आणि आजीला यातलं काही सांगणार नाही.

तू काहीही ठरवलंस तरी तुझाच,
वसंता