गुलाबछाप रेडिओचा निर्माता

२ तारीख, सोमवार. सकाळ.
मेहुण्याने घर आवरताना सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आमच्याकडे आणून टाकला. लाकडी पेटी, काचेची डायल, आत काचेच्या बल्बांसारखे पाच व्हॉल्व्ह. कंपनीचं नाव कुठेच नाही. म्हणजे दुर्मीळच! जुन्या रेडिओवाल्यांच्या मंडळाची सभा बावीस तारखेला. अध्यक्षांना लगेच फोन केला: निर्माता आणि साल शोधून निबंध वाचतो. ते म्हणाले, वाचा की, तज्ज्ञ समितीत एक जागा रिकामीच आहे. अकरा वर्षं त्या मंडळात मी नुसता खुर्च्या मांडतोय. आता बास.

दुपार.
बायको रेडिओकडे बघून हसली, काहीतरी सांगायला लागली. तिला थांबवलं. तज्ज्ञाने घरगुती आठवणींवर विसंबू नये, पुरावा बोलला पाहिजे. बरं म्हणाली आणि भाजी निवडायला गेली.

४, बुधवार.
डायलवर कुठली स्टेशनं आहेत त्यावरून साल ठरतं. धुळीने वाचता येईनात. काच काढून साबणाच्या पाण्याने दोन्हीकडून स्वच्छ पुसली.
संध्याकाळी: स्टेशनंही पुसली गेली. काच मात्र लखलखीत. ही नावं इतकी कच्ची असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी एक निष्कर्ष निघालाच: शाई फार जुनी. प्रगती आहे.

५.
डायल तसा दुय्यम पुरावा. खरा पुरावा व्हॉल्व्हवरचे नंबर. संकल्प: साबण वापरायचा नाही.

६, शुक्रवार.
साबण वापरला नाही. फक्त अंगठ्याने जरा चोळले. चार नंबर गेले. पाचवा व्हॉल्व्ह बायकोने हातातून काढून घेतला आणि कपाटात ठेवला. हा तरी राहू दे म्हणाली. संशोधनात धोका पत्करावा लागतो हे तिला कोण सांगणार!

९, सोमवार.
युरेका! आतली चॅसी, म्हणजे सगळे भाग ज्या पत्र्यावर बसवतात ती, बाहेर काढून उलटी केली. भोकं वेडीवाकडी, सोल्डरिंगचे डाग ओबडधोबड. म्हणजे कारखाने निघायच्या आधीचं हातकाम! आणि पत्र्यावर आतून रंगीत गुलाब, अर्धा. कंपनीचं चिन्ह. अंगावर काटा आला.
मेहुण्याला फोन करून सांगितलं. इतका हसला की ठसका लागला. म्हणाला, भाऊजी, ताईला विचारा. या माणसाला इतिहासाचं गांभीर्यच नाही. फोन ठेवून दिला.

१२.
लायब्ररीतून तीन जाडजूड पुस्तकं आणली. गुलाबवाली कंपनी एकातही नाही. म्हणजे पुस्तकवालेही कच्चेच. नाव मीच ठेवलं: गुलाबछाप. साल १९२९. आधी १९३४ धरत होतो, पण पाच वर्षांसाठी मन कशाला मारायचं?

१७, मंगळवार.
निबंध पूर्ण. सव्वीस पानं. बायकोने विचारलं, पण हा वाजतो का? म्हटलं, वाजणं हा वेगळा विषय आहे. मग मीच म्हटलं, सभेला चल, तुझ्या बाबांच्या रेडिओचं नाव होणार आहे. एकदम खुलली.

२२, रविवार. सकाळ.
कोट इस्त्री केला. समितीत गेल्यावर नम्र राहायचं, असं ठरवलंय. निदान पहिला महिना.

संध्याकाळ.
थोडक्यात लिहितो.
नवव्या पानावर मी सभेला गुलाब दाखवला. पहिल्या रांगेतून बायको उठली. म्हणाली, अहो, तो बिस्किटांचा डबा आहे.
मग तिने सगळं सांगितलं. साल १९७२, मॅट्रिकची परीक्षा नुकती संपलेली. तिच्या बाबांनी जुन्या बाजारातून रिकामी पेटी आणली आणि डबा कापून चॅसी केली. बाबांची नजर अधू, म्हणून सोल्डरिंग सगळं तिने केलं. तारेची कॉइलही तिनेच गुंडाळली, तीनदा उलगडून. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा बाबांनी तिला उचलून घेतलं, एवढी घोडी झाली होती तरी. हे सांगताना तिचा आवाज भरून आला.
म्हणजे निर्माता त्रेचाळीस वर्षं माझ्याच घरात होता. रोज मला चहा करून देत होता.
सभेने उठून टाळ्या वाजवल्या. तज्ज्ञ समितीतली जागा भरली. एकमताने. उरलेली सतरा पानं कुणी ऐकायला मागितली नाहीत.

२३, सोमवार.
आज समितीच्या नव्या सदस्यबाई जेवणाच्या टेबलावर रेडिओ उघडून बसल्या. मी टॉर्च धरला. हलवू नका म्हणाली, नाही हलवला. दोन कंडेन्सर बदलले, सगळे व्हॉल्व्ह जागेवर बसवले. रेडिओ खरखरला, घुमला आणि स्वच्छ गायला लागला. तिचा चेहरा काय सांगू! मला राहवेना. पुढे होऊन तिला उचलून घेतलं.
अर्धीच. माझी कंबर धरली.
हे पलंगावर पडून लिहितोय. कूस बदलता येत नाही. बाहेर रेडिओ मोठ्याने चालू आहे. मलमासाठी चार हाका मारल्या, तिला एकही ऐकू गेली नाही.