परत जाणाऱ्या गाडीचा बघण्याचा कार्यक्रम

कुंभारी, मंगळवार, दुपारची जेवणं झाल्यावर

माझी जुनी जोडीदारीण ईरम्मा हिला बजाबाईचा रामराम, आणि तुमच्याकडची रीत म्हणून वर शरणु शरणार्थी. आम्ही इकडं सगळे धडधाकट आहोत, तुझं कसं काय ते कळव. गुडघ्याला तेल लावतेस, की सुनेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात नुसती कण्हतेस? म्हैस व्याली का? शेंगा किती निघाल्या? हे पत्र माझी नात ऋतुजा लिहिते आहे. मी बोलते ते ती जसंच्या तसं लिहीत नाही, माझ्या 'हाय'चं 'आहे' करते आणि शिव्या गाळते. तेव्हा वाक्य जिथं एकदम गरीब वाटेल, तिथं एक शिवी आपल्या मनानं घालून घे. फोन मुद्दाम केला नाही. फोन आला की तुझी सून स्पीकर लावते, आणि मी तुला विचारलेल्याचं उत्तर तुमच्या गल्लीतला कुणीतरी देतो. हे पत्र तुझ्या श्रावणीकडून वाचून घे, नात आहे म्हणून नाही, तिला पोटात ठेवता येतं म्हणून. आणि दार लावून घे.

तर तू विचारलंस की तुझा पोरगा महादेवप्पा आमच्या आदिनाथसारखी लीजवर कार घ्यायची म्हणतोय, तर ती भानगड काय आहे. सांगते, पण बैस निवांत. आदिनाथ टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे हे तुला माहीतच आहे, आपण दोघी तिथंच घड्या घालायचो. पण माझ्या पोराचं मन भवानी पेठेत, स्वतःचे दोन माग टाकून दुकान काढण्यात. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की सायकलवरून उतरलेल्याला सूतवाला उधार देत नाही, कारमधून उतरलेल्याला देतो. मग एक कंपनीवाला आला. म्हणाला, गाडी तुमचीच समजा, नावावर फक्त आमच्या; डिपॉझिट ठेवा, महिन्याचे पैसे भरा, तीन वर्षं चालवा, गाडी परत द्या आणि डिपॉझिट घेऊन जावा. मी विचारलं, "आपलीच हाय तर परत का द्यायची?" आदिनाथ म्हणाला, "आई, तुला कळायचं न्हाय त्यातलं." ते खरं होतं. त्यालाही कळलं नव्हतं, पण तो शिकलेला असल्यामुळं, कळलं नाही हेच त्याला कळलं नाही.

आता डिपॉझिटचं ऐक. ते पैसे ऋतुजाच्या नर्सिंगचे. घरात राहिले तर खर्च होतील, कंपनीकडं राहिले तर पोरगी बारावी होईपर्यंत जागेवर राहतील, असं आदिनाथचं डोकं चाललं. पोरगी बारावी झाली, कॉलेजात नंबर लागला, महिनाअखेर फी भरायची आहे. गाडीची तीन वर्षंही याच महिन्यात भरली. म्हणजे गाडी धड परत गेली तर पोरगी कॉलेजात, नाही तर पोरगी टॉवेलच्या घड्या घालायला आपल्या जागेवर. (इथं लिहिणारीनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. लिही गं, रडायला अजून वेळ आहे.)

गाडी आली, पांढरी, बगळ्यासारखी. पहिल्या दोन महिन्यांत सगळ्या भावकीला तुळजापूर दाखवून झालं. मग ऋतुजानं कागद नीट वाचला तर त्यात लिहिलेलं, वर्षाला अमुक किलोमीटरच पळवायची, त्यापुढं प्रत्येक किलोमीटरला दंड. त्या दिवसापासून आदिनाथ कामाला सायकलनं जायला लागला. अक्कलकोट रोडच्या उन्हात घामाघूम होऊन तो पैसे मिळवायचा, ते गाडीला द्यायचा, आणि गाडी पत्र्याच्या सावलीला उभी. घरात एवढा मान मला उभ्या जन्मात मिळाला नाही. सूतवाल्याकडं जायचं असलं की तेवढी बाहेर निघायची. सूतवाल्यानं चहा पाजला, उधार दिलं नाही. म्हणाला, "लीजची हाय न्हवं? वळकली. माझीबी तसलीच हाय."

उभ्या गाडीलाही सर्व्हिसिंग लागतं, हे तुला माहीत नसणार. कंपनी म्हणेल तेव्हा, कंपनी म्हणेल तिथंच न्यायची. पहिलं सर्व्हिसिंग फुकट होतं. फुकट म्हणजे हात लावायचे पैसे नाहीत. तेलाचे, जाळीचे आणि गाडीच्या आतली हवा शुद्ध करण्याचे तेवढे पैसे. (आतली हवा म्हणजे काय, तर आमच्या भावकीनं तुळजापूरच्या वाटेवर सोडलेली. त्याचे पैसे मागितले त्याचं मला काही वाटलं नाही.) पण पुढच्या खेपेला वायपर बदलले. झिजले म्हणून! अगं, सोलापुरात! काउंटरवर एक पोरगी असते, गळ्यात पट्टा, लई गोड बोलते, बिल जेवढं मोठं तेवढी गोड. तिला म्हटलं, "बाई, पावसाचा थेंब न्हाय, मग ही झिजली कशी?" तर म्हणते, "आजी, वापरली न्हाईत म्हणूनच रबर कडक झालं की." म्हणजे वापरलं तर झिजतं, नाही वापरलं तर कडक होतं, आणि पैसे दोन्हीकडून आपलेच. आपल्या दोघींच्या नवऱ्यांचं तरी वेगळं काय होतं म्हणा.

मध्येच हॉर्न बंद पडला. फाट्यावर धुळा मिस्त्री आहे, त्यानं एक वायर जोडली, चहा पिला, काम झालं. पुढच्या सर्व्हिसिंगला त्यांनी बॉनेट उघडलं आणि सगळे असे मागं सरकले जसा काही साप निघाला. बाहेरच्या माणसाचा हात लागलाय म्हणे! म्हणजे गाडीचं सोवळं मोडलं. प्रायश्चित्त म्हणून नवा हॉर्न, नव्या वायरी, आणि आदिनाथची सही. नवा हॉर्न बकरीसारखा ओरडतो. धुळाचा बरा होता, रेड्यासारखा.

तुला वाटेल आम्ही गाडीची हेळसांड केली. देवाशपथ नाही. जेवढं जिवापाड जपलं तेवढंच अंगाशी आलं. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक आम्ही तीन वर्षं काढलंच नाही, वरून आपली चादर टाकली. दुसऱ्याची वस्तू आहे, नवी दिली तशी नवी परत करावी, अशी आपली सरळ बुद्धी. इथल्या उन्हानं ते प्लॅस्टिक सीटमध्ये असं मुरलं की गेल्या आठवड्यात काढायला गेलो तर सीटचं कातडं घेऊनच निघालं. दसऱ्याला पूजा केली. नुसतं कुंकू वाऱ्यावर उडतं म्हणून तेलात कालवून बॉनेटवर स्वस्तिक काढलं. नारळ गाडीपुढं दगडावर फोडला, त्यातली एक करवंटी उडून बंपरला लागली. आणि गाडीला मागं एक बारका डोळा असतो, त्यातून आतल्या आरशात मागचं दिसतं. एवढी गोरी गाडी, रस्त्यावरचे सगळे बघणार, म्हणून मी त्या डोळ्याच्या कडेला काजळाची तीट लावली. कडेलाच लावली होती. काजळ पसरलं त्याला मी काय करू? तेव्हापासून आदिनाथला मागं कायम अमावस्या दिसते.

स्वस्तिक निघेना. आदिनाथ हवालदिल झाला. मी फक्त एवढंच म्हटलं की तांब्याच्या घागरीला आपण चिंच आणि मीठ लावतो. घागर आणि गाडी यातला फरक मला कळतो, पण त्याला सुपरवायझर असून कळू नये? सकाळभर घासत बसला. कुंकू गेलं, त्याच्यासोबत पांढरा रंगही गेला, आणि खालून स्वस्तिक आधीपेक्षा लख्ख दिसायला लागलं.

मग काल तपासणीसाहेब आला. नाव वरद, मिशी अजून फुटायची आहे, टाय मात्र पूर्ण. मी चटई टाकली, पोहे केले, ऋतुजाला पाणी घेऊन पाठवलं. (तो पोरगीकडं बघेना, गाडीकडंच बघे. असला माणूस मी पहिल्यांदाच बघितला.) त्यानं खिशातून बॅटरी काढली, वाकून बघितलं, गाडीला पुढं चालवलं, मागं चालवलं, तोंड उघडून बघितलं, पाय बघितले. ईरम्मा, मला तुझा-माझा बघण्याचा कार्यक्रम आठवला. फरक एवढाच, आपल्याला नेताना बघितलं. हे लोक देताना हसून देतात आणि परत नेताना बघतात! जिथं खोट दिसेल तिथं तो टिकलीएवढा लाल कागद चिकटवायचा. थोड्या वेळात गाडीला कांजण्या उठल्या.

नियम असा आहे म्हणे, की ओरखडा बँकेच्या कार्डापेक्षा लांडा असला तर माफ, लांब असला तर दंड. तो खिशातून कार्ड काढायचा आणि प्रत्येक ओरखड्याला लावून बघायचा. मी आत गेले आणि आमचं रेशनकार्ड घेऊन आले. "साहेब, हे लावा की. सरकारचं हाय, तुमच्या बँकेपेक्षा मोठं हाय, सगळं माफ होतंय बघा." तो म्हणाला, "आजी, हे चालत न्हाय." मी म्हटलं, "व्हय, रेशनच्या दुकानातबी असंच म्हणत्यात."

स्वस्तिकाजवळ तो बराच वेळ थांबला. मी सांगितलं हे स्वस्तिक आहे, शुभ असतं, तुमच्याच गाडीचं भलं व्हावं म्हणून काढलं. त्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मोबाईलमध्ये लिहिलं, 'अज्ञात रसायनाचा डाग'. बंपरपाशी लिहिलं, 'अनोळखी वस्तूचा आघात'. आता नारळ अनोळखी कसा? त्याचं खोबरं ह्याच पोह्यांवर घालून त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं म्हटलं तर दचकून ताटली खाली ठेवली. (दुसऱ्या नारळाचं होतं गं. दसऱ्याचं एवढे दिवस कुठं राहतंय.) डोळ्यातलं काजळ बघून तर त्यानं अख्खा डोळाच बदलायला सांगितला. माझा मोतीबिंदू सरकारी दवाखान्यात याच्यापेक्षा स्वस्तात निघाला होता.

शेवटी त्यानं बेरीज करून आदिनाथला दाखवली. आदिनाथ खाली बसला. डिपॉझिटातून सगळं कापून जे उरतं त्यात पोरीचा नर्सचा पांढरा ड्रेस येईल, कॉलेज येणार नाही. ऋतुजा उठून साहेबाची ताटली विसळायला घेऊन गेली. तेवढं मात्र मला बघवलं नाही.

तेव्हा ईरम्मा, महादेवप्पाला तुझी शपथ घालून सांग की असल्या गाडीच्या नादी लागू नको. आपल्या अंगणात दुसऱ्याची वस्तू उभी करून तिची चाकरी करायची, आणि जाताना तिनं आपल्यालाच नावं ठेवायची, त्यापेक्षा एसटी बरी. तिच्यावर आपण ओरखडा काढत नाही, तीच आपल्यावर काढते. घरात सगळ्यांना माझा आशीर्वाद, सुनेला थोडा कमी दे. पत्र ऐकून झालं की चुलीत घाल.

तुझी,
बजाबाई
(अंगठा उमटवला आहे, शाई नव्हती म्हणून उरलेलं काजळ वापरलं.)

ता. क. एक सांगायचं राहिलं. साहेब जाताना म्हणाला की कंपनीची एक योजना आहे. आपण नवीन गिऱ्हाईक दिलं आणि त्यानं सही केली, तर आपला सगळा दंड माफ. सही नाही केली, नुसती गाडी दारात आणवून एकदा चालवून बघितली, तरी अर्धा माफ. त्या गडबडीत माझ्या तोंडून महादेवप्पाचं नाव आणि गाव निघून गेलं. (फोन नंबर ऋतुजानं सांगितला, मला आकडे कुठं येतात.) साहेब रविवारी सकाळी तुमच्याकडं गाडी घेऊन येतोय. वर लिहिलंय ते फार मनावर घेऊ नको, प्रत्येकाचं नशीब वेगळं असतं. रंग लाल आहे, महादेवप्पाला शोभेल. घेतलीत तर फक्त तिच्यात बसू नका.

ता. क. ईरम्मा आजी, मी ऋतुजा. हे मी आजीला वाचून दाखवणार नाही. महादेवप्पाकाकांना सही करू देऊ नका. नंबर मी सांगितला, पण रात्रभर झोप आली नाही. माझ्या फीचं बाबा काहीतरी बघतील.

ता. क. मी परत बजाबाई. मी बोलायची थांबले तरी पोरीचं पेन चालूच होतं, आणि कान लाल झाले होते. तिनं काय लिहिलं ते मला वाचता येत नाही, पण ती वाचता येते. तू तिचंच ऐक. गाडी येऊ दे, महादेवप्पाला देवळापर्यंत एक चक्कर मारू दे, साहेबाला ताक पाज. मात्र तुझा पोरगा नुसतं बघायला म्हणून गेला आणि हात हलवत परत आला असं त्याच्या जन्मात झालेलं नाही, तेव्हा सकाळीच त्याचा वाचायचा चष्मा लपवून ठेव. आणि साहेबानं कागद काढला की तू पुढं हो आणि कन्नड सुरू कर. कारखान्यात मुकादम जादा काम सांगायचा तेव्हा तुला मराठीचं एक अक्षर कळायचं नाही, तशी. 'गोत्तिल्ला, गोत्तिल्ला', ठाऊकच नाही, म्हणत त्याला वेशीपर्यंत पोचव. अर्ध्या माफीत पोरीची फी बरोबर निघते. आणि खरं सांगू, अर्धीच माफी बरी. पूर्ण झाली तर उरलेल्या पैशात आदिनाथ नवी गाडी आणेल, त्यानं काल रात्रीच साहेबाला फोन करून रंग विचारून ठेवलाय.