तुझ्या खिशातला पाव

न्यूफाउंडलंड, ऑगस्ट

वर्नाताई,

समुद्रावरून दाट धुकं आलंय आणि तुझी लेक नेल अजून टेकडीवरच आहे. ब्लूबेरी तोडायला सकाळी एकटीच गेली. शेजारी शोधायला गेलेत. आईजवळ कुणीतरी हवं म्हणून मी घरी थांबलेय.

"पोरीच्या खिशात पाव घातलास ना?" आईनं तिसऱ्यांदा विचारलं. "नाहीतर चकवा लागेल तिला."

"घातला," मी म्हणाले. पाव या कागदाशेजारीच पडलाय.

लहानपणी तू तिथेच हरवली होतीस. दुसऱ्या दिवशी सापडलीस, तेव्हा पाव विसरलीस म्हणून आईनं तुला झोडपलं. ताई, तू विसरली नव्हतीस. तुझ्या कोटातून तो मी काढला होता. उन्हानं कोमट झालेल्या बेरी त्यावर चिरडून मी एकटीनं खाल्ल्या. तशी चव पुन्हा कशालाच आली नाही, आणि तुझ्या नजरेला नजर देणंही जमलं नाही.

फाटक वाजलं. नेल आलीय. ओठ निळे, बादली काठोकाठ भरलेली.

"बघ," आई म्हणतेय, "पाव होता म्हणून आली."

आईला दिसायच्या आत मी तो पाव ॲप्रनच्या खिशात लपवलाय. हे पत्रही आता तिथेच जाईल.

तुझी,
एफी